मुलाबाळांसह बँकॉक : धम्मसहलीची पूर्वतयारी

बौद्ध राष्ट्रे एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत ही इच्छा आपल्या समाजात नवी नाही. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली सिलोनला, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनला आणि महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बौद्ध परिषदांसाठी गेले. त्या काळी आपल्या वस्तीतील माणसांना हे प्रवास वर्तमानपत्रात वाचून किंवा कोणाकडून ऐकूनच कळत असत. स्वतः जाण्याची कल्पनाही कोणी करीत नसे. नंतर नोकरदार पिढी आली, तिने निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर बोधगया, सारनाथ, लुंबिनी केले, आणि त्यातल्या काहींनी पुढे थायलंड व श्रीलंकाही गाठले. अलीकडे मात्र तरुण आईवडील पाच-सात वर्षांच्या मुलांना बरोबर घेऊन निघू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मोठ्यांसाठी आखलेल्या सहलीत मुलांना नुसते सामानासारखे उचलून नेले तर ना मुलांना धम्म दिसतो, ना मोठ्यांना. म्हणून आपल्या सभासदांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही थोडी माहिती.

सर्व बौद्ध देशांमधून बँकॉकच का निवडावे, असे कोणी विचारील. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत पोहोचता येते, घड्याळ फक्त दीड तास पुढे करावे लागते, वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि लहान मुलांवर तेथील लोकांचा मोठा जीव. उपाहारगृहातील वाढपी मुलगी तुमचे रडणारे मूल उचलून फिरवून आणते, हे तेथे नवलाचे नाही. शिवाय एका धम्मसंबंधाची आठवण ठेवावी. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्रास तिसरी धम्मसंगीती झाली. तिच्यानंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या देशांत धम्मदूत पाठविले, असे महावंस या ग्रंथात नोंदलेले आहे. त्यांपैकी महाधम्मरक्खित थेर महाराष्ट्रात आले आणि सोण व उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला गेले. सुवर्णभूमी म्हणजे ब्रह्मदेशाचा किनारा की थायलंडचा, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण थाई लोकांनी २००६ साली सुरू झालेल्या आपल्या मोठ्या विमानतळाला सुवर्णभूमी हेच नाव दिले. धुळे-जळगावकडचे मूल त्या विमानतळावर उतरते तेव्हा एकाच संगीतीतून निघालेल्या दोन वाटांपैकी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर ते येत असते. ही गोष्ट विमानात मुलांना सांगावी. चार तास कसे काढायचे हा प्रश्न काही अंशी सुटतो.

निघण्यापूर्वी मुलांना आपले जवळचे दाखवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. आपली बरीच मुले शाळेच्या सहलीत तेथे जाऊन येतात, पण डबा कोठे खाल्ला आणि माकडाने कोणाचा हिसकावला यापलीकडे त्यांना काही आठवत नाही. बँकॉकला जाण्याच्या आधी एकदा आईवडिलांनी स्वतः न्यावे आणि सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पापुढे मुलांना बसवावे. ते सुमारे सात मीटर लांब आहे. बँकॉकच्या वाट फो येथील पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती ४६ मीटर लांब व १५ मीटर उंच आहे. (थाई भाषेत विहाराच्या आवाराला 'वाट' म्हणतात, मराठी मुलांना हा शब्द लगेच पाठ होतो.) ज्या मुलाने अजिंठ्याचे शिल्प पावलांनी मोजले आहे ते वाट फोची मूर्तीही पावलांनी मोजू लागते आणि मग तिच्या पायथ्याशी त्याचे अर्धा तास मन रमते. तेथे आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. अजिंठ्याचे हे शिल्प पाचव्या शतकातले, वाट फोची मूर्ती १८३२ सालची, आणि बँकॉक राजधानी झाले तेच मुळी १७८२ साली. म्हणजे आपल्या डोंगरातला बुद्ध त्या सोन्याच्या बुद्धाहून तेराशे वर्षांनी वडील आहे. परदेशातील झगमगाट पाहून आपले ते सारे पडके असे मुलांना वाटू नये, यासाठी हा हिशेब उपयोगी पडतो.

कधी जावे? थंडीचे म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. आपल्या शाळांच्या सुट्ट्या पाहता दिवाळीची सुट्टी किंवा नाताळचा आठवडा जमतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तेथला पाऊस संपलेला नसतो, छत्री न्यावी. एप्रिल-मे टाळावा. धुळ्याचा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्याला बँकॉकचा छत्तीस अंश म्हणजे काय, असे वाटते, आणि तेथेच फसगत होते. आपल्याकडचे ऊन कोरडे, घाम वाळतो. तेथली हवा दमट, घाम अंगावर तसाच राहतो, अंग निवत नाही आणि लहान मूल दुपारपर्यंत मलूल होते. एप्रिलच्या १३ ते १५ या तारखांना त्यांचा सोंगक्रान हा नववर्षाचा सण असतो, सारे शहर एकमेकांवर पाणी उडवते. मोठ्या मुलांना ती मौज आहे, पण कडेवरच्या मुलाला घेऊन त्या गर्दीत शिरू नये. आणि १४ एप्रिलला आपण गाव सोडून जाणार तरी कसे? जानेवारी ते मार्च या काळात तेथील हवेत कधी कधी धुरकट सूक्ष्म कण फार वाढतात. २०२५ च्या जानेवारीत तर त्या कारणाने बँकॉकमधील शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच महिना ठरवावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. प्रत्येक मुलाचा, मग ते तान्हे का असेना, स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि तो प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालू असावा. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते, त्यामुळे थोरल्या मुलाचा पूर्वी काढलेला पासपोर्ट पेटीतून काढून तारीख आधी पाहावी. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नये. १ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्यापूर्वी संगणकावर किंवा मोबाईलवर आगमनपत्र भरणे आवश्यक झाले आहे. ते विनामूल्य आहे, आणि मुलांचेही भरावे लागते.

आता मुख्य गोष्ट, दिवसाची आखणी. सहल कंपन्यांची पत्रके पाहिली तर एका दिवसात चार विहार, एक जत्रा, एक दुकान आणि रात्री नौकाविहार असा कार्यक्रम दिसतो. 'धम्मसहल' म्हणून जाहिरात करावयाची, दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावरच्या करमणुकीत घालवायचे आणि विहारांना अर्धा दिवस द्यायचा, असेही प्रकार आहेत. मुलांसह जाणाऱ्यांनी हे पत्रक बाजूला ठेवावे. सकाळी एकच मोठे स्थळ पाहावे, बाराच्या आत मुक्कामावर परतावे, जेवून मुलांना झोपवावे आणि चारनंतर बाग किंवा नदी. आपण धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने रात्रभर प्रवास करून विमानतळ गाठतो आणि बरीच विमाने रात्रीचीच असतात. म्हणजे पोहोचेपर्यंत मुलांच्या दोन रात्री मोडलेल्या असतात. पहिला दिवस तर सरळ विश्रांतीचाच धरावा.

बाबागाडी न्यावी की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. बँकॉकचे पदपथ उंचसखल, त्यांवर खाद्यपदार्थांच्या गाड्या, आणि वाहतूक तुंबली की मोटरसायकली पदपथावर चढतात. विहारांत पायऱ्या व उंच उंबरे. तेव्हा तान्ह्या मुलाला अंगाशी बांधून न्यायची झोळी बरी. बाबागाडी मोठ्या दुकानांत आणि विमानतळावर उपयोगी पडते. शहरातून फिरण्यासाठी रस्त्यावरची हवाई रेल्वे, जी १९९९ साली सुरू झाली, आणि भुयारी रेल्वे, ही सर्वांत सोयीची. दोन्ही थंडगार असतात. घामेजलेल्या मुलाला एकदम त्या गारव्यात नेताना अंगावर एखादा पातळ सदरा असू द्यावा. रेल्वेत भिक्खूंसाठी राखीव जागा असते, तिची पाटी मुलांना दाखवावी. आपल्या एस.टी.त आमदार-खासदारांसाठी जागा राखलेली त्यांनी पाहिलेली असते. चीवर पांघरलेल्या माणसासाठी जागा राखणारे शहरही असते, हे पाहून त्यांना जे समजते ते व्याख्यानाने समजत नाही.

चाओ फ्राया नदीवरच्या प्रवासी बोटी मुलांना फार आवडतात. परंतु बोट धक्क्याला काही क्षणच टेकते आणि बोट व धक्का यांत फट असते. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, हात घट्ट धरलेला, हा नियम तेथे मोडू नये. तीन चाकी टुकटुकची एखादी फेरी मुलांचा हट्ट म्हणून करावी, पण तिला कडेला दार नसते, मूल मध्ये बसवावे. राजवाड्याबाहेर एखादा गोड बोलणारा मनुष्य "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरे मंदिर दाखवतो" असे सांगतो. तो तुम्हाला खड्यांच्या दुकानात नेऊन सोडतो. ही तेथली जुनी लबाडी आहे. फाटकापर्यंत जाऊन स्वतः पाहावे.

गर्दीत मूल हरवण्याची धास्ती आपल्यालाच अधिक. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर किंवा ६ डिसेंबरला दादरला ज्यांनी मुले नेली आहेत त्यांना गर्दीचा अनुभव असतो, पण तेथे ध्वनिक्षेपकावरून मराठीत नाव पुकारले जाते आणि शेजारचा माणूसही आपलाच असतो. बँकॉकला भाषाच वेगळी. म्हणून हॉटेलचे नाव व पत्ता थाई लिपीत छापलेले कार्ड (ते स्वागतकक्षात मिळते) आणि आपला चालू असलेला फोन नंबर प्रत्येक मुलाच्या खिशात ठेवावा. मुलाला सांगून ठेवावे की चुकलास तर चालू नकोस, आहेस तेथेच उभा राहा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे. आपला भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्याच्या तेविसाव्या गल्लीत आहे.

खाण्याचे म्हणाल तर बौद्ध देश म्हणजे शाकाहारी देश, ही समजूत घरीच ठेवून जावी. थाई भिक्खू भिक्षापात्रात जे पडेल ते, पण मध्यान्हाच्या आत, ग्रहण करतात; लोक मासे-मांस सर्रास खातात आणि भाजीतही माशाचे पाणी घालतात. ज्यांना शाकाहारच हवा त्यांनी पिवळ्या पाटीवर इंग्रजी सतरासारखे दिसणारे लाल अक्षर शोधावे. ते 'जे' अक्षर आहे, आणि त्या ठिकाणी मांस, मासे, अंडी काहीच वापरीत नाहीत. मुलांसाठी सर्वांत सोपे म्हणजे साधा भात, अंड्याची पोळी, केळी, कलिंगड आणि आंबा घातलेला गोड चिकट भात. "माइ फेत" म्हणजे तिखट नको, हे दोन शब्द पाठ करावेत. खानदेशचे मूल शेवभाजीवर वाढलेले असले तरी तेथली बारीक हिरवी मिरची वेगळीच आहे. तिसऱ्या दिवशी मूल कळण्याच्या भाकरीसाठी रडू लागेल, हे धरून चालावे. खाकरे, शेंगदाण्याचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा बरोबर असावा, आणि पाहुरात या भारतीय वस्तीत पोळी-भाजी मिळते. पाणी बाटलीचेच प्यावे. जलसंजीवनीची पाकिटे, ताप व उलटीचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे. डेंग्यू तेथेही आहे, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. विहारांत तेच कपडे चालतात, हा दुहेरी लाभ. एक सावधगिरी मात्र नवी आहे. थायलंडने २०२२ साली गांजावरील बंदी उठवली आणि २०२५ साली पुन्हा वैद्यकीय कारणांपुरती मर्यादा घातली. ज्या दुकानावर हिरव्या पानाचे चित्र असेल तेथून बिस्किट-चॉकलेट मुलांना घेऊन देऊ नये.

आता पाहण्याच्या स्थळांकडे वळू. मुलांना गोष्ट असलेली स्थळे लागतात, आणि बँकॉकला गोष्टींचा तोटा नाही.

चिनी वस्तीजवळच्या वाट त्रैमित येथे सुमारे तीन मीटर उंचीची आणि साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. कित्येक वर्षे ती चुन्याच्या लेपाची साधी मूर्ती म्हणूनच ओळखली जात होती. १९५५ साली नव्या इमारतीत हलवीत असताना ती खाली पडली, लेपाचा टवका उडाला आणि आत सोने दिसले. ब्रह्मी आक्रमकांपासून वाचविण्यासाठी जुन्या काळी कोणीतरी तो लेप दिला असावा, असे मानतात. मुलांना ही गोष्ट मूर्तीसमोर उभे राहूनच सांगावी.

वाट सकेत हा टेकडीवरचा स्तूप. गोल फिरत जाणाऱ्या तीनशेहून अधिक बुटक्या पायऱ्या आहेत, वाटेत घंटा आहेत, झाडी आहे. पाच वर्षांचे मूल न कुरकुरता चढते. वर भगवंतांच्या अस्थी आहेत आणि त्या आपल्याच देशातल्या. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूप १८९८ साली खणला गेला, त्यात सापडलेल्या अस्थींचा काही भाग ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिला, तो येथे ठेवला आहे. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारताने पुन्हा भगवंतांच्या तसेच सारिपुत्त व महामोग्गल्लान यांच्या अस्थी दर्शनासाठी थायलंडला पाठविल्या तेव्हा राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर लाखो लोक रांगेत उभे राहिले होते. उलट दिशेनेही येणेजाणे आहे. २०२३ च्या आरंभी थायलंडचे ११० भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी आले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

वाट फोमध्ये मूर्तीमागे १०८ कांस्यपात्रे ओळीने ठेवलेली आहेत. सुटी नाणी विकत घेऊन एकेका पात्रात एकेक टाकत जायचे. मुलांना मोजणीही होते आणि दानाची सवयही.

राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केव येथे हिरव्या दगडाची सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीची मूर्ती आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या ऋतूंप्रमाणे वर्षातून तीनदा तिचे वस्त्र बदलले जाते, आणि ते राजा बदलतो. येथे गर्दी फार, सावली थोडी, म्हणून सकाळी साडेआठला उघडताच आत जावे. खांदे व गुडघे झाकलेले हवेत. १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नसते.

आणि येथेच आपल्या मुलांचा खरा प्रश्न सुरू होतो. या विहाराच्या भोवतालच्या ओवऱ्यांत १७८ भित्तिचित्रे आहेत आणि ती सगळी रामकियेन म्हणजे थाई रामायणाची! आपले मूल हनुमंताला लगेच ओळखते. येथील राजांनाही राम पहिला, राम दुसरा असे म्हणतात, सध्याचे दहावे. विमानतळावर प्रस्थानाच्या दालनात भले मोठे शिल्प आहे ते समुद्रमंथनाचे, मध्यभागी विष्णू. शहराच्या ऐन चौकात एरावान येथे चार मुखांच्या ब्रह्मदेवाची मूर्ती आहे, तिच्यापुढे थाई बौद्ध हारतुरे घेऊन रांगेने उभे असतात. प्रत्येक घरासमोर व दुकानासमोर भुताखेतांसाठी म्हणून खांबावर छोटेसे घर बांधलेले, त्यात रोज सरबताची बाटली ठेवलेली. विहारांच्या आवारात ताईत विकतात आणि काड्या हलवून भविष्य पाहतात.

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आठ-दहा वर्षांचे मूल हे पाहून गप्प बसणार नाही. बसू नये. ते विचारील, की हे बौद्ध आहेत, मग ब्रह्मदेवाला हात का जोडतात? पुष्कळ पालक या प्रश्नावर "तिकडे तसेच असते" म्हणून मुलाला पुढे ओढतात. काही उलट "हे खरे बौद्ध नव्हेत" असे फटकारतात. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात.

तारखांकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा-विष्णू-महेशांना नाकारले. एरावानच्या ब्रह्मदेवाची स्थापना झाली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, एका हॉटेलच्या बांधकामात अपघात होऊ लागले म्हणून. एक महिन्याच्या अंतराने दोन बौद्ध समाजांनी अगदी उलट गोष्टी केल्या. का? थाई माणसाला ब्रह्मा आणि राम राजदरबाराच्या विधींतून आणि नाटकातून मिळाले. त्या देवांच्या नावाने त्याच्या आजोबांना कोणी विहिरीवरून हाकलले नव्हते, शाळेबाहेर बसवले नव्हते. आपल्याकडे हे देव आणि जातीची उतरंड एकत्रच आली, म्हणून दोन्ही एकत्र सोडावी लागली. आपला बुद्ध धम्म बंडातून आला आणि त्यांचा परंपरेतून. मूल दहा वर्षांचे असेल तर एवढे त्याला नीट कळते, आणि विहिरीची गोष्ट सांगायला आजी-आजोबा अजून घरात असतील तर निघण्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकवावी.

मग वागावे कसे? एरावानपुढे हात जोडायचे नाहीत, पण जोडणाऱ्यांना हसायचेही नाही. रामकियेनची चित्रे चित्रे म्हणून पाहावीत, ती उत्तम आहेत. ताईत घेऊ नये, भविष्याच्या काड्या हलवू नयेत. मुलाने हट्ट केला तर बाबासाहेबांनी आपल्याला कारण विचारायला शिकवले हे सांगावे. आणि थाई धम्माकडून काहीच घ्यायचे नाही, असा ताठाही नको. पहाटे सहाला हॉटेलबाहेर उभे राहिले तर पिंडपाताला निघालेले अनवाणी भिक्खू दिसतात, भाजीवाली गाडी थांबवून, गुडघे टेकून पात्रात भात वाढते. आपल्याकडे भिक्खूला भोजनदान बहुधा कार्यक्रमाच्या दिवशी, फलक लावून होते. (स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, वस्तू पात्रातच ठेवावी, आपल्या मुलींना हे आधी सांगावे, म्हणजे त्या ओशाळत नाहीत.) तेथे मुलगे शाळेच्या सुट्टीत काही दिवस श्रामणेर होतात. आपल्याकडेही दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे भरतात. तुमच्या मुलाने ते केलेले असेल तर त्या मुंडन केलेल्या मुलांशी त्याची नजरभेट होताच भाषेची गरज उरत नाही.

कोणत्याही विहारात सायंवंदनेच्या वेळी मागे बसावे. त्रिशरण-पंचशील तेच आहे, पालीच आहे, फक्त उच्चार वेगळा. 'बुद्धं'चे 'फुत्थांग' होते, 'धम्मं'चे 'थम्मांग'. पहिल्यांदा मुले खुदकन हसतात. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांना ओळख पटते आणि ती आपल्या धुळ्याच्या चालीत बरोबरीने म्हणू लागतात. बसताना पाय मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे पसरू नयेत, मागे दुमडावेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. अनोळखी माणसाच्या डोक्याला हात लावू नये, मुलांनी एकमेकांच्याही टपल्या मारू नयेत. सकाळी आठला व संध्याकाळी सहाला बागेत किंवा स्थानकात राष्ट्रगीत वाजते, त्या वेळी सर्वांबरोबर उभे राहावे. आणि राजाविषयी थट्टेने काही बोलू नये, तेथील कायदा त्याबाबत कडक आहे.

संध्याकाळसाठी दोन बागा सुचवितो. लुम्फिनी बागेचे नाव भगवंतांच्या जन्मस्थानावरून, लुंबिनीवरून ठेवलेले आहे. तेथील तळ्यात माणसाच्या उंचीच्या घोरपडी पोहत असतात, त्या कोणाला काही करीत नाहीत, पण जवळ जाऊन खाऊ घालू नये. सुखुमवित रस्त्यावरील बेंचासिरी बागेत मुलांसाठी खेळणी आहेत आणि त्याच आवारात जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेचे मुख्यालय आहे. ही संघटना १९५० साली सिलोनमध्ये कँडी येथे स्थापन झाली, तेव्हा बाबासाहेब तेथे उपस्थित होते. एकाने घसरगुंडीजवळ मुलांना सांभाळावे, दुसऱ्याने आत जाऊन यावे, मग पाळी बदलावी.

विद्यार्थी मित्रांनी बिलांवरची व तिकिटांवरची सनावळी पाहावी. २०२६ साल तेथे २५६९ म्हणून छापलेले असते. इसवी सनात ५४३ मिळविले की थाई बुद्धसंवत येतो. आपण २५०० वी बुद्धजयंती १९५६ साली साजरी केली, थाई लोकांनी १९५७ साली. महापरिनिर्वाणाचे वर्ष शून्य धरायचे की एक, एवढाच हा फरक. वहीत तिकिटे चिकटवून शेजारी दोन्ही साले लिहिण्याचे काम मुलांकडे दिले तर ती दुकानांत कंटाळत नाहीत.

खरेदीत आपल्या मंडळींचे मन बुद्धमूर्तीवर जाते, घरासाठी किंवा वस्तीतल्या विहारासाठी. गळ्यात घालण्याच्या छोट्या प्रतिमा सोडल्या तर बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. चांगला दुकानदार तो मिळवून देतो, पण त्याला काही दिवस लागतात. तेव्हा मूर्ती घ्यायचीच असेल तर मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्यावी, परतीच्या दिवशी नव्हे, आणि परवान्याचा कागद पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावा.